मेमरी कार्डातील मापात पाप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापुरात गेली १९ वर्षे मी लग्नाचे आणि घरगुती समारंभांचे छायाचित्रण करतो. अशोक चौकाजवळ माझा लहानसा स्टुडिओ आहे. गेल्या मे महिन्यात माझ्या हातून एका कुटुंबाचे नुकसान झाले, आणि त्याचे कारण मोबाइल किंवा कॅमेरा वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र थोडे लांबेल. पण या विषयात अर्धवट सांगितलेले निरुपयोगी ठरते, असा माझा अनुभव आहे.

अक्कलकोट रस्त्यावरील एका मंगल कार्यालयात ते लग्न होते. लग्नसराई ऐन भरात असल्यामुळे माझी नेहमीची कार्डे आधीच्या कामांनी भरलेली होती, म्हणून आदल्या संध्याकाळी शहरातील एका दुकानातून १२८ जीबीचे मायक्रो एसडी कार्ड घेतले. वेष्टनावर नामांकित कंपनीचे नाव होते आणि किंमत नेहमीच्या जवळपास निम्मी होती. गडबडीत मी पावतीही मागितली नाही. सकाळी कार्ड अडॅप्टरमध्ये बसवून कॅमेऱ्यात घातले आणि फॉरमॅट केले, तेव्हा चार हजारांहून अधिक फोटो मावतील असा आकडा पडद्यावर आला. दिवसभरात साधारण नऊशे फोटो काढले. प्रत्येक फोटो काढल्याबरोबर कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर स्वच्छ दिसत होता, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती.

रात्री कार्ड संगणकाला लावले. नऊशे फोटोंची यादी क्रमांकासह, वेळेसह आणि आकारासह पूर्ण होती. गौरीहर पूजेचे, वरातीचे, मामाने नवरीला हाताला धरून आणल्याचे फोटो उघडले. सुमारे ५३० फोटोंपर्यंत सगळे नीट होते. त्यानंतर दोन्ही मामांनी धरलेल्या आंतरपाटाचा जो फोटो उघडला, त्याचा वरचा चतकोर भाग दिसला आणि खाली नुसता करडा पट्टा होता. त्यापुढची एकही फाइल उघडली नाही. मंगलाष्टके, कन्यादान, सप्तपदी, सूनमुख यांपैकी काहीही हाती लागले नाही. माझ्या त्या कॅमेऱ्याला कार्डाची एकच खाच असल्यामुळे दुसरी प्रतही नव्हती.

पुढचे दोन आठवडे मी पाहुण्यांकडून मोबाइलवरील फोटो गोळा करत होतो. लोकांनी आपुलकीने पाठवले; पण व्हॉट्सअॅपवरून साध्या पद्धतीने आलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलची होते. आमच्या अल्बमचे उघडलेले पान ३६ इंच रुंद असते, म्हणजे एका इंचाला जेमतेम ४४ पिक्सेल येतात, आणि चांगल्या छपाईला सहसा ३०० लागतात. सप्तपदीचा फोटो शेवटी पोस्टकार्डाएवढ्या आकारात पानाच्या मधोमध छापावा लागला. ठरलेल्या रकमेपैकी निम्मी मी परत केली. मुलीच्या वडिलांनी ती मुकाट्याने घेतली आणि मला एक शब्दही बोलले नाहीत, हे मला आजही सलते.

नंतर ते कार्ड तपासले तेव्हा त्याची खरी साठवण सुमारे १६ जीबी निघाली. दुकानदाराकडे गेलो, तर तो म्हणाला, "साहेब, पॅकबंद माल आहे. वरून जसा येतो तसा आम्ही देतो. आत किती आहे ते आम्हाला तरी कसं दिसणार?" त्याचे म्हणणे मला खोटे वाटत नाही. तोही बहुधा माझ्यासारखाच फसला होता. परंतु किलोभराच्या पिशवीत सव्वाशे ग्रॅम साखर निघाली, तर कोणता किराणा दुकानदार असे उत्तर देऊन सुटेल? आपल्याकडे याला मापात पाप म्हणतात, आणि मेमरी कार्डाच्या बाबतीतही तेच म्हटले पाहिजे, एवढेच माझे मुख्य म्हणणे आहे.

ही फसवणूक कशी चालते ते समजून घेतले म्हणजे ती का लक्षात येत नाही हेही कळते. कार्डाच्या आत माहिती साठवणारी चिप असते आणि तिचा कारभार पाहणारा कंट्रोलर असतो. एखाद्या गोदामात चादरींचे सोळाच गठ्ठे मावतात, पण तिथल्या मुनीमाला सांगून ठेवले आहे की विचारणाऱ्याला जागा १२८ गठ्ठ्यांची सांग, असा हा प्रकार आहे. कंट्रोलरमधील आज्ञावली बदलून त्याला खोटी क्षमता सांगायला लावलेले असते, म्हणून फोन, कॅमेरा आणि संगणक सगळेच १२८ वर विश्वास ठेवतात. पहिले सोळा गठ्ठे खरोखर आत जातात. त्यानंतरचे मुनीम वहीत जमा करतो आणि प्रत्यक्षात रस्त्यावर टाकून देतो. काही कार्डांत तर जुने गठ्ठे बाहेर काढून त्या जागी नवे ठेवतो. वही मात्र गोदामाच्या सुरुवातीच्या भागात सुरक्षित असते, त्यामुळे फायलींची नावे आणि आकार शेवटपर्यंत बरोबर दिसतात. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ताबडतोब दिसणारा फोटो कॅमेऱ्याच्या स्वतःच्या तात्पुरत्या स्मृतीतून येतो, कार्डातून येत नाही. म्हणून मीही दिवसभर गाफील राहिलो.

यामुळेच ऑनलाइन विक्रीच्या पानावरील पाच तारे पाहून कार्ड घेऊ नये, असे मी आवर्जून सांगतो. तिथे 'उत्तम आहे, पूर्ण क्षमता दाखवते' असे लिहिणारे बहुतेक लोक प्रामाणिक असतात. त्यांनी कार्ड मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी मत नोंदवलेले असते आणि तोवर पहिले दोन-चार जीबीच वापरलेले असतात. खोटेपणा उघडा पडायला महिने लागतात, आणि तोवर माल परत करण्याची मुदत संपलेली असते. एक टीबीची (म्हणजे सुमारे हजार जीबीची) मायक्रो एसडी कार्डे जगातील मोठ्या कंपन्यांनी पहिल्यांदा जाहीर केली ती २०१९ मध्ये, आणि त्यांची किंमत आजही हजारांत आहे. तेव्हा चारपाचशे रुपयांत एक किंवा दोन टीबीचे कार्ड कोणी देत असेल, तर ते तपासण्याचीही गरज नाही.

वेष्टनावरून आणि छपाईवरून ओळखण्याच्या काही खुणा आहेत. अक्षरे पुसट असणे, कंपनीच्या नावाच्या रंगात फरक असणे, स्पेलिंग चुकलेले असणे या खुणा पूर्वी बऱ्याचदा सापडत. आता छपाई इतकी हुबेहूब होते की नुसत्या डोळ्यांवर विसंबता येत नाही. तरी एक खूण मला फार उपयोगी वाटते. एसडी कार्ड १९९९ मध्ये तीन कंपन्यांनी मिळून आणले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी स्थापन केलेल्या एसडी असोसिएशनने कार्डांचे प्रकार ठरवून दिले आहेत. एसडीएचसी हा प्रकार ३२ जीबीपर्यंतच असतो. त्यापुढे दोन टीबीपर्यंतच्या कार्डाला एसडीएक्ससी म्हणतात. त्यामुळे ६४ जीबीच्या कार्डावर एसडीएचसी छापलेले असेल, किंवा १६ जीबीच्या कार्डावर एसडीएक्ससी असेल, तर ते कार्ड बनावट आहे असे बेलाशक समजावे. नकली माल करणाऱ्यांच्या हातून ही चूक होते, कारण ते एकाच वेष्टनावर फक्त आकडा बदलतात.

वेष्टनावरील दुसरी गोष्ट कायद्याची आहे. पाकीटबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार वेष्टनावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, परदेशी माल असल्यास मूळ देश, महिना व वर्ष, सर्व करांसहित कमाल किंमत आणि ग्राहक सेवेचा संपर्क छापलेला असावा लागतो. माझ्या त्या कार्डाच्या वेष्टनाच्या मागे नुसती परदेशी भाषेतील बारीक अक्षरे होती. आयातदाराचा पत्ता नव्हता आणि किंमतही नव्हती. मी ते वेष्टन उलटून पाहिले असते, तरी पुढचे सगळे टळले असते.

इथे एका गैरसमजाचा खुलासा करणे आवश्यक आहे, नाहीतर प्रामाणिक दुकानदारांशी विनाकारण भांडणे होतील. १२८ जीबीचे अस्सल कार्ड विंडोज संगणकाला लावले की सुमारे ११९ जीबी दिसते, ६४ चे ५९.६ आणि ३२ चे २९.८ दिसते. कंपन्या एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, तर संगणक १०२४ च्या पटीत मोजतो, त्यामुळे हा फरक पडतो. ही फसवणूक नाही.

खरी पारख एकच: कार्ड काठोकाठ भरायचे आणि भरलेले सगळे परत वाचून पाहायचे. त्यासाठी विनामूल्य साधने आहेत. विंडोज संगणकासाठी एका जर्मन संगणक नियतकालिकाने दिलेले 'एच-टू-टेस्ट-डब्ल्यू' आहे. लिनक्स आणि मॅकसाठी 'एफ-थ्री' नावाचे आहे, ज्याचे पूर्ण नाव 'फाइट फ्लॅश फ्रॉड' असे आहे. ही साधने रिकाम्या जागेत ठरावीक माहिती लिहीत जातात आणि नंतर ती जशीच्या तशी परत मिळते का ते पडताळतात. वेळ लागतो, हे खरे. सेकंदाला २० एमबी वेगाने लिहिणारे १२८ जीबीचे कार्ड भरायला पावणेदोन तास लागतात आणि वाचायला आणखी अर्धा तास जातो. पण रात्री जेवणाआधी लावून ठेवले की झोपण्याआधी निकाल मिळतो. ज्यांना हे जमत नसेल त्यांनी मोठे व्हिडिओ कॉपी करत कार्ड पूर्ण भरावे, ते काढून पुन्हा लावावे आणि सुरुवातीचे, मधले व शेवटचे व्हिडिओ पूर्ण चालवून पाहावेत. काढून पुन्हा लावणे विसरू नये, कारण नुकतीच कॉपी केलेली फाइल संगणक स्वतःच्या स्मृतीतूनच दाखवण्याची शक्यता असते. चाचणी नव्या, रिकाम्या कार्डावरच करावी. जुन्या कार्डाबद्दल संशय असेल तर आधी त्यातील सर्व काही दुसरीकडे उतरवून घ्यावे, कारण बनावट कार्ड भरू लागले की चांगल्या फायलीही पुसल्या जाऊ शकतात.

क्षमतेत पास होणारी पण गुणवत्तेत खोटी असणारी कार्डेही बाजारात असतात. चिप हलक्या प्रतीची असते आणि वर वेगवान कार्डाचे वेष्टन असते. कार्डावर इंग्रजी व्ही या अक्षरापुढे ३० असे छापलेले असेल, तर व्हिडिओ घेताना सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याचे ते वचन असते. सेकंदाला १०० मेगाबिट दराने फोर-के (अतिस्पष्ट) चित्रीकरण करायचे तर, आठ बिटांचा एक बाइट या हिशेबाने, सेकंदाला साडेबारा एमबी पुरतात, तरीही कॅमेरा मध्येच थांबत असेल, तर कार्ड वचनाला जागत नाही हे उघड आहे. वरील साधने लिहिण्याचा आणि वाचण्याचा वेगही दाखवतात, त्यामुळे कार्ड संगणकाला जोडणारा कार्ड रीडर चांगला असेल तर हा खोटेपणाही याच चाचणीत कळतो.

दुर्दैवाने फसगत झालीच, तर दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. कार्डावर पुढे काहीही लिहू नये आणि 'फॉरमॅट करा' अशी सूचना आली तरी मान्य करू नये. दुसरे असे की, जे कार्डात कधी लिहिलेच गेले नाही ते कोणतेही रिकव्हरीचे सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. मी स्वतः त्यासाठी तीन हजार रुपये खर्च केले आणि हाती आली ती नावे असलेली रिकामी पाने. पुसले गेलेले परत मिळण्याची आशा असते, पण न साठवलेले कुठून मिळणार?

आता साठवणुकीबद्दल. मेमरी कार्ड आणि पेन ड्राइव्ह ही ने-आण करण्याची भांडी आहेत. त्यांना कोठार समजू नये, मग ती कितीही अस्सल असोत. त्यांच्या चिपमध्ये माहिती सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपात अडकवून ठेवलेली असते. वर्षानुवर्षे वीज न मिळता पडून राहिल्यास तो भार हळूहळू ओसरतो आणि उष्णतेत ही गती वाढते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो, पत्र्याखालच्या खोलीत आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत त्याहून किती तरी अधिक. अशा ठिकाणी कपाटात किंवा डॅशबोर्डच्या कप्प्यात आठवणी ठेवून देऊ नयेत. घरातल्या किंवा दुकानातल्या पाळतीच्या (सीसीटीव्ही) कॅमेऱ्यासाठी तर रात्रंदिवस लिहिणे सोसणारी, 'एन्ड्युरन्स' म्हणून मिळणारी कार्डेच घ्यावीत. साधे कार्ड तिथे लवकर झिजते, आणि ते बंद पडल्याचे चोरी झाल्यावर चित्रण पाहायला गेल्यावरच कळते.

मी आता ठेवलेली शिस्त सांगतो. कार्यक्रमाच्या रात्रीच सगळे फोटो दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरतात. त्यांपैकी एक डिस्क स्टुडिओत राहते आणि दुसरी होटगी रस्त्याला भावाच्या घरी जाते, कारण आग, चोरी किंवा पावसाचे पाणी या गोष्टी एका घरातल्या दोन डिस्कमध्ये भेद करत नाहीत. अल्बम ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत कार्ड पुसले जात नाही. निवडक फोटो क्लाउडवरही ठेवतो. गुगलच्या फुकट खात्यात सगळे मिळून १५ जीबीच मावतात आणि १ जून २०२१ पासून फोटोही त्यातच मोजले जातात, त्यामुळे घरच्या माणसांनी तिथे निवडून ठेवलेले बरे. हार्ड डिस्कसुद्धा अमर नाही. ती पडली की जाते, विजेच्या लपंडावात बिघडते. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत मी जुन्या डिस्क लावून प्रत्येकीतील काही फोटो उघडून पाहतो, आणि चार-पाच वर्षे झालेल्या डिस्कवरील माहिती नव्या डिस्कवर हलवतो. पुढचा कॅमेरा दोन कार्डांच्या खाचांचा घेतला आहे. पौष महिन्यात संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांचा अक्षता सोहळा होतो, तो टिपण्याची संधी वर्षातून एकदाच येते. तिथे एका कार्डावर भिस्त ठेवण्याचे धाडस आता माझ्याकडे नाही.

आपल्या शहराला नकली मालाची झळ नवी नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले असूनही बाहेरचा हलका माल त्याच नावाने विकला जातो, आणि यंत्रमागावर राबणाऱ्या घरांना त्याचा फटका बसतो. फरक इतकाच की गड्ड्याच्या यात्रेत चादर घेणारी बाई ती दोन्ही हातांनी ताणते, उलटून मागची नक्षी पाहते, वजनाचा अंदाज घेते आणि मगच पैसे काढते. कार्डाच्या बाबतीत तिच्या हाताला असे काहीच कळत नाही. जिथे ग्राहकाची नजर पोहोचत नाही, तिथे शासनाच्या यंत्रणेची पोहोचली पाहिजे. पेट्रोल पंपाचे माप आणि भाजीवाल्याचा तराजू तपासणाऱ्या वैधमापन शास्त्र यंत्रणेने वर्षातून काही वेळा बाजारातील मेमरी कार्डे आणि पेन ड्राइव्ह यांची पाकिटे पाहावीत, आणि नमुन्याची काही कार्डे भरून तपासावीत, अशी माझी जिल्हा प्रशासनाला विनंती आहे. पाकिटावर आयातदाराचा पत्ता आणि किंमत नसणे हा तर आजच्या नियमांनुसारही दोष आहे. खोटे व्यापारचिन्ह लावलेला माल विकणे हा १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली गुन्हा असून त्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे.

ग्राहकाच्या हातीही उपाय आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, वकील देण्याची सक्ती नाही आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. मात्र त्यासाठी पक्की पावती, वेष्टन आणि चाचणीचा निकाल जपून ठेवलेला हवा. माझ्याकडे पावतीच नव्हती, म्हणून मी कुठेही जाऊ शकलो नाही.

दुकानदार बंधूंना माझे सांगणे आहे की त्यांनी पावतीवर एक ओळ लिहून द्यावी. मी आता ज्यांच्याकडून कार्डे घेतो, त्यांनी माझ्या विनंतीवरून रबरी शिक्काच करून घेतला आहे: 'क्षमता तपासून सात दिवसांत बदलून मिळेल.' गेल्या महिन्यात घेतलेल्या पाच कार्डांपैकी दोन चाचणीत नापास झाली. निकालाची छापील प्रत घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी ती लगेच बदलून दिली आणि उरलेला संपूर्ण डबा त्याच संध्याकाळी घाऊक व्यापाऱ्याकडे परत पाठवला.

कळावे,
आपला विश्वासू,
एक छायाचित्रकार वाचक,
अशोक चौक परिसर, सोलापूर